बारा व्होल्टच तर आहेत!

आम्ही मोटरहोम घेतल्याचं भारतात कळलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो धाकट्या मावशीचा. "अरे, पण गाडीत संडास असतो का?"

असतो मावशी. संडास असतो, शॉवर असतो, ओटा असतो, सिंक असतं. पण ह्याच्या पुढचा प्रश्न आजवर कुणीच विचारलेला नाही. हे सगळं पाणी येतं कुठून आणि जातं कुठे? तर आज थोडं त्याबद्दल. म्हणजे पाण्याबद्दल नव्हे, ते जिथून येतं-जातं त्या कप्प्यातल्या एका चिमुकल्या हीटरबद्दल. गेले तीन शनिवार-रविवार ह्या हीटरने खाल्लेत आणि घरात दुसरा विषय नाही.

लक्झरी बसच्या पोटात सामानाची डिकी असते ना, बाहेरून दार वर उचलायची, तशा डिक्या मोटरहोमच्या पोटातही असतात. इथे त्यांना 'बे' म्हणतात. एका बेमध्ये घडीच्या खुर्च्या, एकात बॅटऱ्या, आणि एकात पाण्याचा सगळा कारभार. बाहेरच्या नळाची नळी तिथे जोडायची, पंप तिथे, फिल्टर तिथे, टाक्यांचे व्हॉल्व्ह तिथे, आणि मावशीच्या प्रश्नाचं उत्तरही शेवटी तिथूनच जाड पाइपाने बाहेर पडतं. आमच्या गाडीत हा बे मागच्या पलंगाच्या बरोब्बर खाली आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता थंडी. आम्ही राहतो डेन्व्हरला. डेन्व्हरची उंची ५,२८० फूट, म्हणजे बरोबर एक मैल. आपलं कळसूबाई आहे साधारण ५,४०० फूट. थोडक्यात, आम्ही जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर संसार थाटलाय. मुलगी असते फीनिक्सला, आणि थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, तिच्याकडे पोचायचं हा आमचा शिरस्ता. वाटेत रातोनची खिंड लागते, ती ७,८०० फुटांवर. पहिला मुक्काम सँटा फेला, ते सात हजार फुटांवर. महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर दीड हजार फूट जाऊन गाडीत झोपायचं, तेही नोव्हेंबरअखेर. पारा शून्याखाली सात-आठ अंश गेला तर तिथे कुणी त्याची दखलही घेत नाही.

पाणी गोठलं की साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. आजकालचे प्लॅस्टिकचे पाइप थोडे ताणले जातात आणि वाचतात, पण त्यांचे जॉइंट, पंपाचं तोंड, फिल्टरचं भांडं, हे ताणले जात नाहीत. ते तडकतात. आणि तडकलेलं लगेच कळत नाही हा खरा वैताग. गोठलेलं असेपर्यंत सगळं घट्ट असतं. दुपारी ऊन पडून बर्फ वितळला की मग धार लागते.

गाडीत गॅसवर चालणारी भट्टी आहे, ती लावली की थोडी गरम हवा ह्या बेमध्येही जाते. पण दिवसभर हायवेला असताना भट्टी बंद असते, खालून वारा पत्र्याला झोंबत असतो. म्हणून बेमध्ये स्वतंत्र हीटर. आणि हायवेवर भिंतीतला प्लग कुठला? म्हणून तो बॅटरीवर चालणारा, बारा व्होल्टचा.

आमचा हीटर होता १५० वॅटचा. आत नायक्रोमच्या तारेचं वेटोळं, मागे छोटा पंखा. गेल्या वर्षापासून पंखा कण्हायला लागला होता. ह्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रवासाची तयारी म्हणून सुरू करून पाहिला, तर चार-पाच मिनिटं चालायचा, मग टक् करून बंद. गार झाला की पुन्हा चालू. पुढची प्लॅस्टिकची जाळी चहाच्या गाळण्यासारखी तपकिरी झालेली. म्हणजे वेटोळं नको तितकं तापत होतं आणि आतला सुरक्षेचा कटआउट आपलं काम करत होता.

असा हीटर बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. चार स्क्रू, दोन वायरी. नवा हीटर तीन दिवसांत दाराशी आला. हिने विचारलं, "झालं का मग?" मी म्हटलं, जुना काढण्याआधी फक्त एकदा मीटर लावून बघतो.

बघण्याचं कारण असं की पंखा हळू फिरत होता. कण्हत होता हे खरं, पण बेअरिंग गेल्यावर पंखा अडखळतो, हा एकसारखा मंद फिरत होता. जेवणघरातला पंखा रेग्युलेटर दोनवर ठेवल्यासारखा.

बॅटरीपाशी मोजलं, १२.५ व्होल्ट. हीटर बंद असताना त्याच्या वायरींच्या टोकाशी मोजलं, तिथेही १२.५. सगळं कसं छान! मग हीटर चालू केला आणि त्याच टोकांशी पुन्हा मोजलं. ९.८.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण गंमत इथेच आहे. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर नळ बंद असताना पाइपात पूर्ण दाब असतो. पाइप गंजून निम्मा बुजला असला तरीही. नळ सोडला की मग कळतं, करंगळीएवढी धार. वायरीचंही तसंच. करंट वाहत नसेल तोवर खराब वायरसुद्धा शहाण्यासारखी वागते. म्हणून मोजायचं ते यंत्र चालू असताना. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी हीटरच्या प्लसला. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेतच खर्च झाले. मला आले ०.९. मग तसंच मायनसचं, बॅटरीच्या मायनसपासून हीटरच्या मायनसपर्यंत. आले १.८.

म्हणजे जायच्या वाटेवर जेवढी गळती, तिच्या दुप्पट परतीच्या वाटेवर.

माझा एक आतेभाऊ कोल्हापूरला ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, जे येईल त्याचं वायरिंग. शिक्षण दहावी आणि तीस-एक वर्षं हातात टेस्ट लॅम्प. मी इंजिनिअर असलो तरी आयुष्य पंपांच्या डिझाइनमध्ये गेलं, त्यामुळे अशा वेळी त्याला फोन. इथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे सकाळचे नऊ, गॅरेज नुकतं उघडलेलं. व्हिडिओवर बे दाखवला. मी आकडे सांगण्याआधीच तो म्हणाला, "दादा, आधी अर्थिंग बघ की. गाडीचं निम्मं दुखणं अर्थिंगात असतंय."

गाडीत मायनसची वायर सगळीकडे फिरवत नाहीत. जवळच्या लोखंडी चौकटीला स्क्रू मारून जोडून टाकतात, बाकीचा प्रवास करंट चौकटीतून करतो. ह्यालाच गॅरेजच्या भाषेत अर्थ. आमच्या हीटरची अर्थ अशीच, बेच्या मागच्या कोपऱ्यात एका पत्र्याच्या स्क्रूला. फोमची शीट सोलून काढली तेव्हा दिसला. स्क्रूवर गंजाचा खपला, खालचं रिंग टर्मिनल काळं-निळं पडलेलं, आणि त्याच्याभोवतीचा फोम रुपयाएवढ्या गोलात वितळून मागे सरलेला.

मी गणित केलं. (करू नये रात्री अकरा वाजता, झोप जाते.) हीटरचा रोध ०.९६ ओहम, त्याला मिळतात ९.८ व्होल्ट, म्हणजे करंट साधारण १०.२ अँपिअर. हीटरची ताकद १५० वॅटऐवजी १०० वॅट. आणि परतीच्या वाटेवरचे १.८ व्होल्ट गुणिले १०.२ अँपिअर म्हणजे अठरा वॅट. चौकट जाडजूड लोखंडाची, ती काही खात नाही. ते अठरा वॅट जवळजवळ सगळे त्या एका स्क्रूच्या डोक्यापाशी. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं साधं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं असतं. म्हणजे जवळपास तेवढीच एक वस्तू रात्री फोमला टेकून, प्लायवूडच्या खाली चालू. आणि प्लायवूडच्या वर पलंग.

यंदा नातीला त्या आठवड्यात पूर्ण सुट्टी आहे. तिची आई आधी तिला इथे आणून सोडणार आणि ती आमच्याबरोबर गाडीतून फीनिक्सला जाणार. सहा वर्षांची आहे. मागचा पलंग तिने फोनवरच आपल्या नावावर करून घेतलाय, तिथल्या खिडकीतून 'सगळे मागे गेलेले डोंगर' दिसतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी फ्यूज पाहिला. बेच्या मूळ वायरिंगच्या नकाशात तिथे दहा अँपिअरचा फ्यूज आहे, कारण मूळची वायर बेमधल्या दिव्यासाठी होती. हीटर नंतर कुणीतरी त्याच वायरीवर जोडला. जागेवर फ्यूज निघाला तीस अँपिअरचा. हिरवा, छान चमकदार.

लहानपणी आमच्या वाड्यात जिन्याखाली चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असायचे. मालकांचा फ्यूज वारंवार जायचा, मग एक दिवस त्यांनी त्यात वायरीतल्या तांब्याच्या चार-पाच तारा पिळून बसवल्या. "आता जातो कसा बघू," असं म्हणून हात झटकले. खरंच कधी गेला नाही. वडील मात्र रोज झोपण्यापूर्वी जिन्याखाली जाऊन फ्यूजला हात लावून बघायचे, गरम आहे का ते. मला ते फार विचित्र वाटायचं.

फ्यूज हीटरला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. आमची जुनी वायर सोळा गेजची. (अमेरिकन गेजची उलटी तऱ्हा, आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक. सोळा गेज म्हणजे आपल्याकडची सव्वा एमएमपेक्षा जराशी जाड.) दर फुटाला तिचा रोध ०.००४ ओहम. दहा अँपिअरला दर फुटामागे ०.४ वॅट उष्णता, म्हणजे काहीच नाही. पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. कुठे शॉर्ट होऊन तीस अँपिअर वाहू लागले तर करंट तिप्पट, उष्णता नऊपट. फुटामागे साडेतीन वॅटच्या वर, वीस फुटांत सत्तरच्या पुढे, तेही फोममध्ये गुंडाळलेल्या वायरीत, जिथून उष्णतेला जायला जागा नाही. आणि तीस अँपिअरचा फ्यूज ते बघत शांत बसणार, कारण त्याच्या लेखी सगळं मर्यादेत आहे.

त्या अर्थच्या स्क्रूचं तर आणखी विचित्र. खराब जोडामुळे करंट वाढत नाही, उलट कमी होतो. आमचा साडेबाराच्या जागी दहावर आला होता. मग फ्यूज कितीही अँपिअरचा असो, अगदी काटेकोर निवडलेला असो, त्याला ह्या अठरा वॅटचा पत्ताच लागू शकत नाही. आतेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणून तर हातानं चाचपून बघायचं की. फ्यूजला काय कळतंय!" आणि मला वडील आठवले, जिन्याखाली वाकलेले.

"पण बारा व्होल्टच तर आहेत!" हे वाक्य मी आजवर ह्या गाडीच्या बाबतीत निदान पाच जणांकडून ऐकलंय, त्यात एक दुरुस्तीचं दुकान चालवणारा. अर्धं खरं आहे. कोरड्या हाताने बारा व्होल्टच्या दोन तारा धरल्या तर काही होत नाही. पण तेच १५० वॅट पुण्यातल्या २३० व्होल्टवर घ्यायचे तर ०.६५ अँपिअर लागतो, इथल्या भिंतीतल्या १२० व्होल्टवर सव्वा अँपिअर, आणि बारा व्होल्टवर साडेबारा. व्होल्ट जेवढे कमी, तेवढा करंट जास्त, आणि वायरीला तापवतो तो करंट. माणसाला भीती नाही ती वायरीला आहे. शिवाय १२० व्होल्टमधून दोन व्होल्ट वाटेत गेले तर कुणाला कळतही नाही, बारामधून दोन गेले की सहावा हिस्सा गेला.

गाडीचे आधीचे मालक निष्काळजी होते असं म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. भेटले होते आम्हांला गाडी घेताना, निवृत्त गृहस्थ, गाडीतल्या प्रत्येक व्हॉल्व्हवर पांढरी पट्टी लावून सुवाच्य अक्षरात नाव लिहिलेलं. हीटरवरही पट्टी आहे, 'नवीन, २०१४'. असा माणूस दहाच्या जागी तीसचा फ्यूज लावतो, तो का? मला वाटतं अशीच कुठलीतरी रात्र असणार. बाहेर उणे दहा, हीटर आणि दिवा एकत्र लागल्यावर फ्यूज उडाला, डब्यात दहाचा शिल्लक नाही, हाताला लागला तो लावला, सकाळी बदलू म्हणून. सकाळी हीटर चालू होता. मग निघायची घाई, पुढचा मुक्काम, पुढची दहा वर्षं. (किंवा त्यांनी लावलाच नसेल, कुठल्या दुकानदाराने लावला असेल. आता विचारायला ते नाहीत.) पण हे नक्की, की मी नवा हीटर अर्ध्या तासात बसवून मोकळा झालो असतो तर वर फक्त आणखी एक पट्टी आली असती, नव्या तारखेची.

तेव्हा ठरवलं, हीटर सगळ्यात शेवटी. आधी वायर.

पहिल्या शनिवारी फक्त तोडफोड. बाहेरचा प्लग काढला, बॅटरीचं मायनस सुटं केलं, छपरावरच्या सोलर पॅनेलचा स्विच बंद केला, कारण ऊन असेतो तिथून वीज येतच असते. हिने हात पुढे केला, "अंगठी." काढून दिली. बारा व्होल्ट झटका देत नसले तरी अंगठी प्लस आणि पान्याच्या मध्ये सापडली तर क्षणात लाल होते. मग जुनी वायर ओढून बाहेर काढली. वीस फूट, वाटेत दोन ठिकाणी जोड, त्यातला एक घरातल्या वायरिंगसाठी असतात तसल्या प्लॅस्टिकच्या पिळायच्या टोपीचा. भिंतीत ठीक आहे ते. गाडी म्हणजे तासाला पासष्ट मैलांनी होणारा भूकंप, त्यात पिळलेलं सगळं सुटतं.

नवी वायर दहा गेजची, साधारण सव्वापाच एमएम, बारीक तारांची लवचिक. प्लस आणि मायनस दोन्ही. चौकटीला स्क्रू मारण्याचा प्रश्नच ठेवला नाही, मायनस थेट बॅटरीजवळच्या पट्टीपर्यंत परत नेली. वाट बदलली म्हणून अंतर पंधरा फुटांवर आलं. जायचे पंधरा, यायचे पंधरा, तीस फुटांत रोध ०.०३ ओहम. साडेबारा अँपिअरला ०.४ व्होल्टच्या आत गळती, तीन टक्के. बोटीवाले लोक महत्त्वाच्या वायरिंगला तीन टक्क्यांचीच मर्यादा पाळतात, आणि गाडीच्या वायरिंगबद्दल बोटीवाल्यांचं ऐकावं असं माझं मत होत चाललंय. त्यांना जळत्या घरातून बाहेर पडायला अंगण नसतं.

थिंबल मारण्यासाठी रॅचेटची पक्कड विकत घेतली, पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही अशी. मी सोल्डर करणार होतो, आतेभावाने अडवलं. सोल्डर वायरीच्या आत चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि गाडीच्या हादऱ्यांनी बरोबर त्या ताठपणाच्या कडेला वायर तुटते. म्हणून नुसतं दाबायचं, वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट. हे सगळं लिहायला तीन ओळी लागल्या, करायला दोन दिवस, आणि त्यातला बराचसा वेळ उताणं पडून एका डोळ्यात धूळ घेऊन.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीस अँपिअरचा. दहा गेजला तीससुद्धा चालला असता, पण हीटरला लागतो त्याहून थोडा वर एवढंच पुरे.

मग रिले. हा भाग मला फार आवडला. जुन्या व्यवस्थेत हीटरचा सगळा करंट थर्मोस्टॅटच्या इवल्याशा तोंडातून जायचा. घरच्या एसी करंटला हे फार जड नाही, कारण तो सेकंदाला १२० वेळा शून्यावर येतो (आपल्याकडे १००) आणि संपर्क सुटताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा डीसी कधीच शून्यावर येत नाही, ठिणगी ओढली जाते, संपर्क जळतात, कधी चिकटूनही बसतात. म्हणून थर्मोस्टॅटने फक्त रिलेला हुकूम द्यायचा, त्याला जेमतेम ०.१५ अँपिअर लागतो, आणि ओझं रिलेने वाहायचं. साधा मोटारीचा रिले, चाळीस अँपिअरचा. मी पिनांचे नंबर वाचून दाखवतोय तोवर पलीकडून धडाधड उत्तर, "तीसला फ्यूजवाली, सत्त्याऐंशीला हीटर, पंच्याऐंशी-शहाऐंशी कॉइल. हॉर्नचा रिले आणि ह्यो, एकच भाऊ." जीपच्या हॉर्नसाठी कोल्हापुरात जे नंबर, तेच डेन्व्हरला माझ्या तळहातावर छापलेले. मला उगाचच फार बरं वाटलं.

थर्मोस्टॅट म्हणजे बटणाएवढी चकती. आत दोन धातूंची जोडपट्टी, गार झाली की टक् करून एका बाजूला वाकते, गरम झाली की परत. साधारण चार अंशांना चालू, तेराला बंद. नवी असली तरी तपासायला नको का? फ्रीझरमध्ये ठेवली, दोन वायरी दाराच्या फटीतून बाहेर मीटरला, शेजारी थर्मामीटर. ही कोथिंबीर शोधायला आली, तिने वायरी पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, कोथिंबीर घेतली आणि काही न बोलता गेली. बत्तीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी शिकतो. टक् झालं तेव्हा थर्मामीटर पाचवर होता. चालेल.

ती चकती बसवली पंपाच्या पायाशी, बेमधल्या सगळ्यात गार कोपऱ्यात आणि हीटरच्या हवेच्या झोतापासून दूर. आधी ती हीटरच्या समोरच होती, मग काय, स्वतःचीच गरम हवा खाऊन हीटर समाधानी.

आणि शेवटी हीटर. चार स्क्रू, दोन वायरी, अर्धा तास. हा सिरॅमिकचा आहे. तापला की त्याचा रोध वाढतो आणि तो आपला करंट आपणच कमी करतो. पंखा बंद पडला तरी वेटोळ्यासारखा लाल होत जात नाही. चालू करून मोजलं, बॅटरीपाशी १२.५, हीटरपाशी १२.१. प्रत्येक जोडाला हात लावला. सगळे गार.

हिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "रात्रभर हा चालला तर सकाळी दिवे लागतील का?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या बॅटऱ्या सहा-सहा व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये, २२० अँपिअर-अवरच्या. शिशाच्या असल्यामुळे निम्म्याहून जास्त उपसू नयेत, म्हणजे हातात ११०. हीटर ताशी बारा. अखंड दहा तास चालला तर १२०, सकाळी चहाच्या आधी अंधार. पण अखंड चालणार नाही, थर्मोस्टॅट आहे. मग किती चालेल? हे कागदावर सुटणारं नव्हतं. बे किती गळका आहे त्यावर ते अवलंबून.

म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात उणे सहाचा अंदाज आला, तेव्हा ड्राइव्हवेमध्येच मुक्काम टाकला. बाहेरचा प्लग नाही, भट्टी बंद, फक्त बॅटरी. मी मागच्या पलंगावर दोन रजया घेऊन, ही घरात तिच्या गादीवर. (कुणीतरी शहाणं असायला हवं.) पलंगाच्या उशाशी आता एक स्विच आहे आणि एक लाल दिवा, रिले लागला की पेटतो. दहा वाजून वीस मिनिटांनी पहिल्यांदा पेटला. खालून पंख्याचा बारीक आवाज, पाऊण तासाने टक्, मग शांतता. मधे तीन-चार वेळा जाग आली तेव्हा हात खाली घालून प्लायवूड चाचपलं. थंडगार होतं.

सकाळी सातला बाहेर उणे सहा, बेमध्ये नऊ. बॅटरीचा हिशेब ठेवणारा मीटर म्हणत होता, रात्रीत ४४ अँपिअर-अवर गेले. म्हणजे हीटर नऊ तासांत पावणेचार तासांच्या आसपास चालला. शिवाय प्रवासात भट्टी लागली की तिच्या पंख्याचे वेगळे, दिव्यांचे वेगळे. सँटा फेच्या एका रात्रीला पुरेल. दोन रात्री प्लगशिवाय राहायचं झालं तर नाही पुरणार. तेव्हा जिथे प्लग आहे असाच मुक्काम घ्यायचा हे हिने ठरवून बुकिंगही करून टाकलंय.

फ्यूजच्या शेजारी मी पांढरी पट्टी लावली आहे. '१० गेज, २० अँपिअर, ह्यापेक्षा मोठा लावू नये', तारखेसकट. शेजारी दोन जादा फ्यूज वीसचेच, टेपने चिकटवून. खाली तेच इंग्रजीत, कारण ही म्हणाली, पुढच्या मालकाला मराठी येत नसलं तर?

पंपाच्या मागचा एक जॉइंट थेंब थेंब गळतोय, ते हीटरच्या नादात राहून गेलं होतं. तो येत्या शनिवारी.